सॅमसनचा माळा आणि साठ पाहुण्यांचं वजन

माझा उजवा पाय सॅमसनच्या बेडरूममध्ये होता आणि बाकीची मी त्याच्या माळ्यावर होते. जिप्समच्या छतातून गुडघ्यापर्यंत आरपार गेले होते. खाली पलंगावर पांढऱ्या भुकटीचा सडा पडला असणार, कारण त्याची बायको फ्लोरा झाडू आणायला गेल्याचं ऐकू आलं. ती परत आली आणि तिनं माझ्या बुटाला उद्देशून विचारलं, "ताई, चहात साखर चालते ना अजून?"

"चालते," मी वरून म्हटलं.

सॅमसन समोर प्लायवूडवर उकिडवा बसला होता. पाय बाहेर काढायला त्यानं हात दिला नाही, सल्ला दिला. "वहिनी, तुम्ही पाऊल चुकीच्या जागी टाकलंत. तिथे फळी नाही. फळीवरून चाला, काही होत नाही."

'काही होत नाही' हे वाक्य मी नोकरीत निदान हजार वेळा ऐकलं असेल. इस्राएलमध्ये त्याची हिब्रू आवृत्ती आहे, 'यिह्ये बेसेदेर', म्हणजे सगळं ठीक होईल. या देशात कितीतरी बांधकामं सिमेंटपेक्षा या दोन शब्दांवर जास्त उभी आहेत. सॅमसन दोन्ही भाषा उत्तम बोलत असल्यामुळे त्याचा माळा दुप्पट भक्कम होता.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत दिसायला कशी आहे हे आर्किटेक्ट बघतो, ती पडणार का हे आम्ही बघतो. शिक्षण मुंबईत, लग्न ठाण्यात, आणि सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर इकडे आले. बेरशेवाला एका लहानशा ऑफिसात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. सॅमसन माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ. नेगेवमधल्या एका छोट्या गावात राहायचा. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माझे नातेवाईक आहेत आणि मला त्यांच्याकडे जेवायला जायचं असतं.

सॅमसनचं घर बैठं, कौलारू. वाळवंटात कौलं कशाला, हा प्रश्न ज्या कब्लाननं, म्हणजे कंत्राटदारानं, ती पूर्ण गल्ली बांधली त्याला विचारायला हवा होता. कौलांखाली तिकोनी पोकळी होती. तिथे टाकी, दोन सुटकेसा आणि उंदीर एवढंच असावं अशी योजना होती. पण सॅमसन माझगावच्या एका खोलीत नऊ भावंडांत वाढलेला. त्या खोलीला पोटमाळा होता आणि त्यावर पाच जण झोपायचे. मुंबईच्या अशा खोलीत वाढलेल्या माणसाला डोक्यावरची रिकामी जागा बघवत नाही. तो कारखान्यातून रिटायर झाला आणि दुसऱ्या आठवड्यात शिडी लावून वर चढला.

निमित्तही चांगलं होतं. त्याची एकुलती एक मुलगी इलाना लग्नानंतर नेतिवोतला सासरी राहत होती. नवरा, दीड वर्षाची नोआ आणि ती, असे तिघं सासूच्या घरातल्या एका खोलीत. सासूबाई चांगल्या होत्या, पण खोली एकच होती आणि इलानाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सॅमसनला वाटलं, माळ्याची खोली करावी आणि लेकीला घरी आणावं. तो एलियाहू हन्नबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस बोलला की इलाना घरी राहायला आली तर पहिला मलिदा तिच्या खोलीत करीन. मलिदा म्हणजे आम्हा बेने इस्राएलांचा, महाराष्ट्रातल्या ज्यूंचा, नवसाचा विधी. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलची, पाच फळं, मोठं ताट मधे, भोवती माणसं आणि एलियाहूचं गाणं. यात पोह्यांचं प्रमाण ठरलेलं असतं, माणसांचं नाही.

सॅमसननं सगळं क्रमानं केलं, फक्त क्रम उलटा होता. आधी नवस केला. मग पाहुण्यांना बोलावलं. मग माळा बांधला. परमिटचा विचार त्यानं केला नाही, तो शेजारणीनं केला. ती दुपारी दोन ते चार झोपते. या देशात त्या वेळात शांतता पाळायची असा रिवाज आहे आणि सॅमसन नेमकं त्याच वेळात लाकूड कापत होता. तिनं गावच्या वआदाकडे तक्रार केली. वआदा म्हणजे बांधकामाला परवानगी देणारी समिती. लगेच नोटीस आली. गुरुवारी सकाळी इन्स्पेक्टर येईल, तोपर्यंत माळा सुरक्षित असल्याचा इंजिनिअरचा दाखला तयार ठेवा, नाहीतर पाडून टाका. गुरुवारी संध्याकाळी मलिदा होता.

रविवारी मला फोन आला. आमच्यात इंजिनिअर मी एकटीच. "फक्त एक सही आहे, वहिनी," असं सॅमसन म्हणाला होता.

मी पाय सोडवून घेतला आणि टॉर्च वर फिरवला. तेव्हा मला खरा प्रकार दिसला.

कौलारू छपराच्या आत लाकडाच्या कैच्या असतात. ट्रस म्हणतात त्यांना. दोन तिरके वासे वर आढ्याला मिळतात. कौलांच्या वजनानं त्यांचे पाय बाहेर सरकायला बघतात. ते सरकू नयेत म्हणून खाली एक आडवं लाकूड असतं. घडीच्या शिडीला मधे साखळी असते ना, तेच काम. आणि हे आडवं लाकूड वाकू नये म्हणून वरून खाली येणारी तिरकी लाकडं असतात. ही सगळी मिळून छप्पर उचलतात. माणसं उचलायची अशी त्यांची काहीच तयारी नसते. आडव्या लाकडाला खालचं जिप्सम आणि एखादी सुटकेस झेपते.

मधल्या तीन कैच्यांमधली तिरकी लाकडं गायब होती. नीट कापून, कडा पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केल्या होत्या.

"भावजी, ही लाकडं कुठे गेली?"

"मधे येत होती. डोकं आपटायचं."

"ती मधे येण्यासाठीच असतात."

"पण काढून महिना झाला. काही झालं का? आणि वाया नाही घालवली. त्याचीच तर शिडी केलीय."

ज्या लाकडांनी छप्पर धरलं होतं, त्यांच्याच शिडीवरून मी वर चढले होते. एवढी काटकसर मी पुढे कुठे पाहिली नाही. मी त्याला विचारलं की गुरुवारी माणसं किती. त्यानं खाली हाक मारली आणि फ्लोरानं वही बघून सांगितलं, साठ, मुलं धरून. सगळे वर बसणार का? तर हो, नवस तसाच आहे. शिवाय पोह्यांचं पातेलं आणि ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी लोखंडी खुर्च्या.

मी चहा घेतला. साखर बरोबर होती. मग सांगितलं की मी सही करणार नाही.

फ्लोरानं माझ्यासमोरची बशी उचलली, तिच्यात अजून एक नानकटाई होती. इथे मला एक कबूल करायला हवं. आम्ही नवरा-बायको या देशात आलो तेव्हा आमचे पहिले चार महिने याच घरात गेले. फ्लोरानं आपली बेडरूम आम्हाला दिली आणि तिघं बाहेर झोपली. मला हिब्रूत पाणी मागता येत नव्हतं तेव्हा सॅमसन मला हाताला धरून नोकरीच्या ऑफिसात घेऊन गेला होता. त्या माणसानं पंचवीस वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. मला त्याचा राग आला होता आणि स्वतःची लाज वाटत होती. बेरशेवाच्या बसमध्ये बसून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोनच फोन आले. दिमोनाहून एक आतेभाऊ, लोदहून एक चुलत सासू, अश्दोदहून कुणीतरी, ज्यांचं माझं नातं त्यांनाही नीट सांगता आलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच. शिकलेल्या माणसानं आपल्या माणसाच्या उपयोगी पडावं. लोदच्या सासूबाईंनी तर विचारलं, सही करायला तुला शाई लागते की रक्त? इलानाचाही फोन आला. ती मराठी समजते आणि उत्तर हिब्रूत देते. मला दोदा म्हणते, म्हणजे काकू. तिनं एवढंच विचारलं, "दोदा, तिथे नोआला झोपवू का? हो की नाही, तेवढं सांग."

"नाही," मी म्हटलं.

"मग आबाला तू समजाव. मी सांगितलं तर त्याला वाटेल मला यायचंच नाही. आणि मला यायचंय, दोदा. खूप यायचंय."

माझे बॉस रोमेनियाहून आलेले. म्हातारे, खडूस आणि हिशोबाला पक्के. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नातेवाइकाला आकडे सांगून उपयोग नाही. तो म्हणेल, ही आपलीच पोर, हिला काय कळतं. त्याला वजन दाखव."

वजन दाखवायचं म्हणजे लोड टेस्ट. जेवढा भार येणार आहे तेवढा आधी ठेवून बघायचा. मोठ्या पुलांवर करतात, मावसदिराच्या माळ्यावर करावी असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मंगळवारी मी गेले आणि सॅमसनला म्हटलं, गुरुवारी पाहुणे येण्याआधी आपण पाहुण्यांचं वजन वर पाठवू. माळ्यानं ते पेललं तर त्याच टेबलावर सही करीन. तो लगेच तयार झाला. त्याची खात्रीच होती.

नेगेवमध्ये एक वस्तू फुकट मिळते, वाळू. सॅमसन आणि जावई अवी यांनी बुधवारी सकाळपर्यंत तांदळाच्या रिकाम्या पिशव्या भरल्या. प्रत्येक पिशवी पस्तीस किलो, बाथरूमच्या काट्यावर मोजून. एका पाहुण्याला दोन पिशव्या. सॅमसनला हे काम आवडायला लागलं. त्यानं जाड मार्कर आणला, फ्लोराची वही उघडली आणि पिशव्यांवर नावं लिहिली. बेनी. डायना. रूबेनमामा. सुलेखामावशीसाठी त्यानं तीन पिशव्या बाजूला काढल्या. मी म्हटलं, दोन पुरेत. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही तिला अलीकडे पाहिलेलं नाही."

शेवटी नोआ राहिली. तिचं वजन दहा किलो. वाळू भरायला सॅमसननं पिशवी हातात घेतली आणि परत ठेवली. स्वयंपाकघरातून बासमतीची दहा किलोची न फोडलेली गोणी आणली. "तिला वाळू नको," तो म्हणाला आणि गोणीवर नोआ असं लिहिलं.

मी तोवर खाली जॅक लावून घेतले. जॅक म्हणजे स्लॅब टाकताना खाली उभे करतात ते लोखंडी टेकू. त्यासाठी छताचं उरलेलं जिप्सम काढावं लागलं, पण सुरुवात मी करून दिलेलीच होती. टेकूंवर आडव्या तुळया ठेवल्या आणि कैच्यांच्या लाकडापासून बरोबर दोन बोटं खाली ठेवल्या. लाकूड दोन बोटं वाकलं तर वाकू दे, पुढे जाणार नाही. वर पिशव्या ओढून घेणाऱ्या अवीचा जीव त्या दोन बोटांवर होता, म्हणून ती मी तीनदा मोजली. समोरासमोरच्या भिंतींच्या माथ्यांमध्ये दोरी ताणली. भिंती बाहेर ढकलल्या गेल्या तर दोरी ताणून तुटेल.

कप्पीनं एक एक पाहुणा वर जाऊ लागला. सॅमसन खाली उभा राहून वहीतलं नाव मोठ्यानं वाचायचा, पिशव्या दोराला बांधायचा आणि नावापुढे खूण करायचा. पाच पाहुणे झाले, काही नाही. दहा झाले, लाकूड एक बोटभर खाली आलं. सॅमसन माझ्याकडे बघून हसला. सुलेखामावशी तीन खेपांत वर गेल्या. बारा. चौदा. फ्लोरा चहाचं विचारायला आली होती, ती दाराशीच थांबली. इलाना नोआला कडेवर घेऊन तिच्यामागे उभी होती. त्या दिवशी ती नेतिवोतहून मुद्दाम आली होती.

सतराव्या पाहुण्याची दुसरी पिशवी अवीनं वर फळीवर ठेवली आणि आवाज झाला. मोठा नाही. कुणी बोटं मोडावीत तेवढाच. मग बाथरूमचं दार, जे उघडंच होतं, ते आपोआप हललं आणि अर्ध्यावर अडकून बसलं. दाराची चौकट तिरकी झाली होती. दोरी मध्यभागी तुटून दोन्हीकडे लोंबत होती. मी जॅकजवळ जाऊन हात लावला. दोन बोटं संपली होती. लाकूड तुळईवर टेकलं होतं.

"अवी, खाली ये. हळू. भिंतीच्या कडेकडेनं," मी म्हटलं.

सॅमसनच्या हातात बासमतीची गोणी होती. यादीत अठरावं नाव नोआचं होतं. त्यानं वर बघितलं, मग दाराशी इलानाच्या कडेवर बसून बोटं चोखणाऱ्या नोआकडे बघितलं. ती गोणी त्यानं जेवणाच्या टेबलावर ठेवली. अगदी मधोमध ठेवली आणि त्याचा हात काही वेळ तिच्यावरच राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "सगळ्यांना खाली उतरवा."

सगळे म्हणजे पस्तीस पिशव्या वाळू. पण त्यानं ते असं म्हटलं की अवीनं पुढच्या तासाभरात एकही पिशवी टाकली नाही, एक एक हातानं धरून उतरवली. सॅमसन पायऱ्यांवर बाहेर जाऊन बसला. इलाना त्याच्याजवळ गेली आणि हिब्रूत म्हणाली, "आबा, आम्ही थांबू. खोली होईपर्यंत थांबू. पण मी इथेच येणार आहे." त्यानं मान हलवली. माझ्याकडे त्यानं त्या दिवशी बघितलं नाही. मला घरी जाऊन बराच वेळ भूक लागली नाही.

गुरुवारी सकाळी इन्स्पेक्टर आला. त्यानं माझ्या पलीकडे बघत विचारलं की इंजिनिअर कुठे आहे. मी सांगितलं. मग त्यानं बाहेर जाऊन छपराकडे बघितलं आणि कौलांचा रंग मंजूर यादीत आहे अशी नोंद केली. मी त्याला माझं पत्र दिलं. माळा धोकादायक आहे, वापर बंद, जॅक काढू नयेत. तो गोंधळला. त्याच्याकडे 'सुरक्षित आहे' असं लिहून देणाऱ्या इंजिनिअरसाठी फॉर्म होता, 'नाही' म्हणणारीसाठी नव्हता. ऑफिसात असं कधी आलं नव्हतं म्हणे. शेवटी त्यानं तो कागद 'इतर' या फाईलमध्ये लावला.

मलिदा संध्याकाळी अंगणात झाला. साधा, नवसाचा नाही. नवस इलानाच्या खोलीचा होता आणि खोली अजून नव्हती, हे फ्लोरानं सगळ्यांना सांगितलं. एलियाहूला घाई नाही, असंही म्हणाली. झोपमोड झालेली शेजारीणही आली होती आणि तिनं दोनदा पोहे घेतले. तिला कुणी सांगितलं नाही की तिच्या तक्रारीमुळे काय वाचलं.

पुढचे आठ महिने आम्ही फाईल फिरवली. काम खरं तर सोपं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन लोखंडी बीम टाकले आणि माळ्याची जमीन त्यांच्यावर वेगळी उभी केली. कैच्यांना ती स्पर्शही करत नाही. छप्पर छपराचं काम करतं, जमीन जमिनीचं. कापलेली लाकडं नव्यानं जोडली, दोन्ही बाजूंनी पट्ट्या आणि बोल्ट लावून. ती जिथे येत होती तिथेच आली, सॅमसननं त्यांच्याभोवती कपाट केलं. शिडी काढून कठड्याचा जिना आला. आग लागली तर मोठा माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी ठेवली.

वआदाचे प्रश्न मात्र सोपे नव्हते. ड्रॉइंगच्या आणखी दोन प्रती हव्यात. उत्तर दिशेचा बाण लहान आहे. शेजारणीची सही दुसऱ्या पेनानं आहे. आखाती युद्धानंतर नव्या खोलीसाठी मामाद, म्हणजे काँक्रीटची सुरक्षित खोली, विचारतात. क्षेपणास्त्र आलं तर माणसं कुठे जाणार हे त्यांनी चार वेळा विचारलं. माणसं कशावर उभी आहेत हे एकदाही विचारलं नाही. गल्लीतला सार्वजनिक शेल्टर घरापासून चाळीस पावलांवर होता, म्हणून त्या अटीतून सवलत मिळाली. पावलं मोजायला इन्स्पेक्टर स्वतः आला होता. त्याची अडतीस भरली, पण त्यानं माझी चाळीस मान्य केली. शेवटच्या पाहणीत कठडा दोन सेंटिमीटर कमी भरला म्हणून परमिट तीन आठवडे अडलं. कापलेल्या कैच्यांचा उल्लेख वआदाच्या कुठल्याही कागदात आजही नाही. तो फक्त माझ्या पत्रात आहे आणि ते 'इतर'मध्ये आहे.

परमिट आलं त्या दिवशी सॅमसनचा फोन आला. इतक्या महिन्यांत तो कामापुरताच बोलत होता.

"वहिनी, पिशव्या ठेवल्यात मी. सगळ्या. परत चढवू या का?"

मी म्हटलं, गरज नाही, बीमचा हिशोब मी दोनदा केलाय, बॉसनं तिसऱ्यांदा केलाय. तो म्हणाला, तरी या. मी गेले. साठच्या साठ पाहुणे वर गेले, सुलेखामावशी तिन्ही पिशव्यांनिशी. दोरी ढिली पडली नाही की ताणली नाही. बाथरूमचं दार मी बारा वेळा उघडून लावून पाहिलं. सगळ्यात शेवटी सॅमसन बासमतीची तीच गोणी घेऊन जिना चढला. कप्पी होती, पण त्यानं ती हातातच नेली. नोआ आता तेरा किलोची झाली होती, म्हणून त्यानं गोणीवर तीन किलो साखर ठेवली. मग तो तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला आणि तासभर उठला नाही. मी खाली चहा घेतला. बशीत दोन नानकटाया होत्या.

नवसाचा मलिदा पुढच्या गुरुवारी इलानाच्या खोलीत झाला. जेवायला भात त्या गोणीतला होता. इलाना, अवी, नोआ आणि दोन महिन्यांचा धाकटा तेव्हा राहायला आलेले होते. पाहुणे अंगणातून आत येत होते आणि अंगणात वाळूच्या पिशव्या रचून ठेवल्या होत्या, नावं बाहेरच्या बाजूला. सॅमसनला त्या उलट्या ठेवायचं सुचलं नव्हतं. सुलेखामावशींनी स्वतःच्या पिशव्या मोजल्या, मग बेनीच्या मोजल्या, आणि वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतर लोडचा हिशोब करताना मी कधीच नावं घालू दिली नाहीत.

मी वर जायला निघाले तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर सॅमसन उभा होता. हातात फ्लोराची वही. वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे तो खूण करत होता आणि ओठांत आकडा म्हणत होता. मागे ओळ लागली होती आणि लोक कुरकुरत होते.

"भावजी, सोडा त्यांना," मी म्हटलं. "आख्खी जमात चढली तरी काही होणार नाही. मी लिहून दिलंय."

"तुमचा हिशोब बरोबरच असेल, वहिनी," तो म्हणाला. "वर नोआ झोपलीय. मी मोजतो."

मी त्याच्यापुढे थांबले. त्यानं माझ्या नावापुढे खूण केली, चव्वेचाळीस म्हणाला आणि मला वर सोडलं.